दार सोलायला घेतलंय

गुहागर
२० मे

प्रिय बंडू,

तुझी दोन पत्रं उत्तरावाचून पडली आहेत, याची खूप लाज वाटते. आज लिहितोय ते दारासाठी. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर “नवं बसव” म्हणेल. तब्येत ठीक आहे. गुडघा दुखतो, चालायचंच.

काल दुपारी दाराला सहज बोट लावलं आणि रुपयाएवढा पापुद्रा हातात आला. उलटा करून पाहिला तर पाठीला सागाचे बारीक तंतू चिकटलेले. पोटात कालवलं रे. जुन्या घराच्या तुळईचं लाकूड ते, आपण दोघांनी टेम्पोत मागे बसून आणलेलं.

वरचा भाग अजून मधासारखा आहे. तू कोरलेली गणेशपट्टी तर जशीच्या तशी. खाली मात्र सगळं राखाडी, चिरा पडलेल्या, तळाशी पाणी मुरून काळे डाग. दार पश्चिमेचं. छज्जा तीन फुटी आहे, पण या दिवसांत चारच्या सुमाराला ऊन त्याच्याखालून तिरपं शिरतं. वरचे अडीच फूट तेवढे सावलीत राहतात, आणि मग सूर्य उतरेल तशी तीही सावली जाते.

पॉलिशवाल्याने घरातल्या कपाटांना मारायचं मेलामाईनचं पारदर्शक पॉलिश या बाहेरच्या दाराला मारलं होतं. पण नुसता त्याचा दोष नाही. पारदर्शक थरातून ऊन आरपार जातं. लाकडाचे तंतू धरून ठेवणारं लिग्निन असतं, ते उन्हातल्या अतिनील किरणांनी मोडतं आणि लाकडाची वरची कातडीच सुटते. मग वरच्या पॉलिशने धरायचं कशाला?

तू तेव्हाच म्हणाला होतास, गेरूच्या रंगाचा ऑइलपेंट मार. मी चिडलो. तू उरलेला लाल ऑइलपेंट स्कूटरला मारला होतास आणि सगळी आळी तिला ‘एसटी’ म्हणायची, हे मी चारचौघांत काढलं. ते चुकलंच. दीड महिना बोलला नाहीस. (पण स्कूटर खरंच एसटीसारखी दिसायची, आणि हात दाखवला की थांबायचीही!) तुझं बरोबर होतं, रंगातली माती ऊन अडवते. तरी त्या सागाच्या रेषा पार बुजवून टाकायला अजून मन होत नाही.

आणि अप्पांचं दार आठवतं? दर वर्षी मिरगाआधी दाराला नि चौकटीला काजूच्या टरफलाचं तेल फासायचे. हाताला लागलं की सालटं निघायची. इतकी वर्षं मी समजत होतो, ते दार तेलाने टिकलं. काल रात्री एकदम उठून बसलो. ते दार पडवीच्या आत होतं, आठ फूट आत! संध्याकाळचं कोवळं ऊन तेवढं उंबऱ्याला लागायचं. ती पडवी मीच पाडली, समुद्र दिसावा म्हणून.

मिरगाला अठरा दिवस उरलेत. उद्या दार बिजागऱ्यांवरून उतरवतोय. आधी ऐंशी नंबरचा पॉलिशपेपर, मग एकशेवीसचा, रेषेच्याच दिशेने, पिवळं लाकूड दिसेपर्यंत. काळे डाग ऑक्झॅलिक अॅसिडने काढून, धुऊन, नीट सुकवायचं. मग अक्रोडाची हलकी छटा आणि वर बाहेरच्या कामाचं, अतिनील किरण शोषणारं पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश, पहिला हात पातळ, पुढे तीन. खालची कड आपण कधी रंगवलीच नव्हती, पाणी तिथूनच चढलं. पुढे दर दिवाळीनंतर, चमक जायच्या आतच, बारीक घासून एक हात. पडवी होईतो दुपारी बांबूचा पडदा सोडतो. पावसाळा सरला की मंगलोरी कौलांची पडवी परत घालणार. समुद्र दिसेना का.

आता अडलंय ते एका जागी. दाराला छटा दिली की गणेशपट्टी वेगळी दिसणार, आणि तिला रंग द्यायचा तर तुझ्या पटाशीच्या खुणांवर पेपर फिरवायला लागेल. त्या सोंडेच्या वळणाजवळ तुझी पटाशी घसरली होती तीही खूण आहे अजून. माझा हात धजत नाही.

सुमीचं लग्न ठरलं ते ऐकलं, फार आनंद झाला. तू रिटायर झालास का? वहिनींना नमस्कार.

पट्टीला हात लावू की नको, एवढं लगेच फोन करून सांग. दार उतरवून ठेवलेलं असेल, रात्री झोप लागायची नाही.

तुझा,
शऱ्या