गोड बातमीला लागलेला उशीर

पुणे

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

गेली दोन वर्षे दर सणाला तुम्ही दोघे मला एकच प्रश्न विचारत आला आहात, आणि मी दर वेळी कधी नोकरीचे, कधी घराच्या हप्त्यांचे, तर कधी जावयांच्या बदलीचे कारण पुढे करत आले आहे. ती कारणे खोटी नव्हती, पण खरे कारण निराळे होते. फोनवर सांगायला गेले की गळा दाटून येतो आणि विषय राहून जातो, म्हणून हे पत्र लिहिते आहे. मूल हवे असे आम्हां दोघांनाही मनापासून वाटते. उशीर झाला तो मी रोज सकाळी घेत असलेल्या एका गोळीमुळे.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीला आले तेव्हा मी माळ्यावरची पत्र्याची पेटी काढून माझी प्रगतिपुस्तके बरोबर नेली होती. आई, तू विचारलेस की आता ती कशाला लागतात, आणि मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. ती मनोविकारतज्ज्ञांनी मागवली होती. चौथीच्या प्रगतिपुस्तकात बाईंनी निळ्या शाईने लिहिले आहे, ‘हुशार आहे, परंतु वर्गात असूनही वर्गात नसते’, आणि त्याखाली बाबांची सही आहे. डॉक्टरांनी तो शेरा दोनदा वाचला. पुढे तीन भेटींत त्यांनी माझ्याशी आणि जावयांशी वेगवेगळे बोलून निदान केले, ते एडीएचडीचे. लक्ष कुठे लावायचे, किती वेळ टिकवायचे आणि कोणता आवेग आवरायचा हे ठरवणारी मेंदूची यंत्रणा काही माणसांमध्ये लहानपणापासूनच वेगळी घडलेली असते, त्याला हे नाव आहे. बाबा, तुम्हाला नेमकी माहिती लागते म्हणून लिहिते: मोठ्या माणसात हे निदान करायचे तर प्रत्येकी ९ ठरलेल्या लक्षणांच्या दोन याद्यांपैकी एकीतली तरी किमान ५ लक्षणे असावी लागतात आणि त्यांतली काही वयाच्या १२ वर्षांच्या आत दिसलेली असावी लागतात. २०१३ पर्यंत ही अट ७ वर्षांची होती. प्रगतिपुस्तके हवी होती ती त्यासाठी.

तुम्ही विचाराल की इतकी वर्षे हे कुणाच्या लक्षात कसे आले नाही. बाकावरून उड्या मारणारा मुलगा शिक्षकांच्या नजरेत भरतो, पण खिडकीबाहेर बघत बसलेली मुलगी कुणालाच त्रास देत नाही, आणि तिचे गुण बरे असले तर कुणी काही विचारतही नाही. निदानाआधी मी ज्या डॉक्टरांकडे गेले होते त्यांनी माझे शिक्षण आणि पगार विचारला आणि मग मला काहीच झालेले नाही असे सांगून परत पाठवले. त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात बसून मी रडले, कारण घर आणि नोकरी सांभाळताना मी आतून किती थकले आहे हे त्यांना सांगायची संधीच मिळाली नव्हती.

औषधाचे नाव मिथाइलफेनिडेट. आई, ‘डोक्याच्या गोळ्या’ म्हटल्यावर तुझ्या पोटात गोळा येईल हे मी जाणते. हे औषध पहिल्यांदा तयार झाले १९४४ साली, स्वित्झर्लंडमध्ये. ते आजार कायमचा बरा करत नाही आणि त्याचा परिणाम काही तासच टिकतो. तू वर्गाच्या दारात पाऊल टाकलेस की साठ मुलांचा गलका जसा थांबत असे, तसे पहिल्या दिवशी गोळी घेतल्यावर तासाभरात माझ्या डोक्यात झाले. एका वेळी एकच आवाज ऐकू येण्याचा तो अनुभव मला पस्तिसाव्या वर्षी आला. दुपारची भूक मंदावते, नाडी थोडी जलद चालते, म्हणून रक्तदाब नियमित तपासावा लागतो. सवय लागेल का, ही तुझी पहिली शंका असेल. त्याचा गैरवापर होऊ शकतो, म्हणूनच ते कडक नियमांत ठेवले आहे, पण डॉक्टरांनी दीड वर्षापूर्वी ठरवलेली मात्रा वाढवण्याची गरज आजवर पडलेली नाही.

नियम कडक म्हणजे किती, तेही सांगते, कारण पुढचे सगळे त्यावरूनच सुरू झाले. आपल्याकडे हे औषध ‘शेड्यूल एक्स’मध्ये, म्हणजे सर्वांत कडक नियम लागू असलेल्या औषधांच्या सरकारी यादीत येते. डॉक्टरांना चिठ्ठी दोन प्रतींत लिहावी लागते, एक प्रत दुकानदाराला दोन वर्षे जपून ठेवावी लागते, औषध कुलपात ठेवावे लागते आणि ते विकायला वेगळा परवाना लागतो. एवढा व्याप बहुतेक दुकाने करत नाहीत. गेल्या वर्षी आषाढात माझ्या नेहमीच्या दुकानातला साठा संपला आणि मला नऊ दिवस गोळी मिळाली नाही. चार दुकानांतून नकार आला. एका ठिकाणी चिठ्ठी वाचून दुकानदाराने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मी ती हातातून ओढूनच घेतली.

त्या नऊ दिवसांतल्या सहाव्या दिवशी संध्याकाळी मी दूध गॅसवर ठेवले, दारावर कुरियरवाला आला म्हणून उठले, पाकीट उघडले, त्यातला कागद वाचत आतल्या खोलीत गेले आणि तिथेच कपाट आवरायला बसले. शेजारच्या काकूंनी दार ठोठावले तेव्हा स्वयंपाकघर धुराने भरले होते. दूध उतू जाऊन, आटून, शेवटी पातेल्याचा तळ काळा ठिक्कर पडला होता. रात्री चिंच आणि मीठ लावून मी ते पातेले घासत बसले. तारेच्या घासणीने बोटे सोलली तरी तळाचा काळा डाग निघेना, आणि तेव्हा पहिल्यांदा मनात आले की गॅसवरच्या दुधाऐवजी मी बाळाला अंघोळीच्या टबात ठेवून उठले असते तर काय झाले असते. तेव्हापासून तुम्ही गोड बातमीबद्दल विचारलेत की मला ते पातेले आठवते.

यंदा जानेवारीत मनोविकारतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ अशा दोघींशी आम्ही तासभर बोललो. अमेरिका आणि उत्तर युरोपातल्या लाखो गरोदरपणांच्या नोंदींवरचा २०१८ सालचा एक अभ्यास त्यांनी आम्हाला समजावून सांगितला. पहिल्या तीन महिन्यांत हे औषध घेतलेल्या दर १,००० स्त्रियांमागे हृदयात जन्मजात दोष असलेली सुमारे ३ बाळे अधिक आढळतात, असा त्यातला अंदाज आहे. आकडा लहान आहे आणि काही स्त्रिया डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध चालू ठेवतात. त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार कुणालाही नाही, कारण औषध थांबवण्याचाही धोका असतोच: रस्त्यावरचा अपघात, सुटलेली नोकरी, खचलेले मन. त्या तासाभरात एकदाही डॉक्टरांनी मला ‘आईपणासाठी एवढे तरी करा’ असे म्हटले नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. माझा निर्णय असा आहे की मूल व्हावे म्हणून प्रयत्न सुरू करताना गोळी बंद करायची, पहिले तीन महिने ती घ्यायची नाही, आणि मग माझी अवस्था पाहून डॉक्टरांसह पुन्हा ठरवायचे. जावई म्हणाले की शरीर तुझे आहे, तू ठरवशील त्यात मी आहे. ते तेवढ्यावर थांबले नाहीत, गॅस आपोआप बंद करणारे टायमरचे बटण त्याच आठवड्यात बसवून घेतले. स्कूटर मी बंद करते आहे. पीएमपीच्या बसने जाईन, आणि आठवड्यातले तीन दिवस घरून काम करण्याची परवानगी कार्यालयाने दिली आहे. बाळंतपणाची २६ आठवड्यांची भरपगारी रजा कायद्यानेच मिळते.

खर्चाची काळजी करू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारांच्या बरोबरीने धरणे बंधनकारक केले आहे. आमच्या पॉलिसीत मात्र दवाखान्यातल्या साध्या भेटी आणि गोळ्या बसत नाहीत, तो खर्च आम्ही पगारातून करतो. एका एजंटाने अर्जात निदान लिहूच नका असा सल्ला दिला होता. मी ते लिहिले. सही करताना खोटे लिहायचे नाही, हे बाबांनी शिकवले आहे.

आता ज्या गोष्टीने मला सर्वांत जास्त रात्री जागवले तिच्याबद्दल. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून असे दिसते की एडीएचडीच्या बाबतीत माणसामाणसांत जो फरक असतो, त्याचा साधारण तीन चतुर्थांश भाग आनुवंशिकतेतून येतो. माझ्या बाळाला तो होईलच असा याचा अर्थ नाही, पण शक्यता इतरांपेक्षा जास्त आहे. आई, याचाच दुसरा अर्थ असा की तुझ्या वळणात, तुझ्या शिस्तीत काही कमी पडले म्हणून मी अशी झाले नाही. तिसरी कंपासपेटी हरवून आले त्या दिवशी तू मला मारलेस आणि मग रात्री माझ्या डोक्याला तेल लावताना स्वतःच रडलीस, ते मला आठवते. मुद्दाम करते असे तुला वाटले होते. मी मुद्दाम करत नव्हते, आणि तुला हे सांगणारे तेव्हा कुणी नव्हते.

बाबा, तुम्हाला मी कोणतेही नाव चिकटवत नाही, तो डॉक्टरांचा अधिकार आहे. पण बिघडलेले घड्याळ उघडून बसलात की तुमचे जेवण तीन-तीनदा गार होई, आणि पगाराचे पाकीट तुम्ही एसटीत दोनदा विसरलात, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. आईने तुमच्या किल्लीला गोफ बांधला, बिलांच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेन्सिलीने लिहिल्या आणि पुढची चाळीस वर्षे तुमच्या वाटची आठवण स्वतः ठेवली. आई, त्या कष्टांची मोजदाद आपल्या घरात कुणी केली नाही, मीही केली नाही, आणि त्याची मला खंत आहे. बाबा, तुमच्या शाळेतल्या दिवसांबद्दल जे आठवेल ते मला सावकाश लिहून पाठवा. तुमच्या नातवंडाला उद्या गरज पडली तर डॉक्टरांना घरातला इतिहास लागेल, आणि तो सांगणारे तुम्हीच आहात.

एक मागणे तुम्हा दोघांकडे आहे. नातवंड विसरभोळे निघाले तर त्याला ‘वेंधळे’ म्हणू नका. मला हा शब्द घरात सगळ्यांनी प्रेमानेच म्हटला, तरी तो मी अनेक वर्षे खरा धरून चालले.

दुसरे मागणे आईकडे. माझ्या पाकिटात बारा गोळ्या उरल्या आहेत, म्हणजे बारा दिवस. तेराव्या दिवसापासूनचे पहिले काही आठवडे मला सर्वांत अवघड जाणार आहेत. तू माझी कामे करावीस असे मी म्हणत नाही. संध्याकाळी मी गॅसपाशी असेन तेव्हा तू स्वयंपाकघरातल्या स्टुलावर नुसती बसून राहा. साताऱ्याहून सकाळच्या गाडीत बसलीस तर दुपारच्या जेवणाला घरी पोहोचशील. स्वारगेटला तुला घ्यायला जावई येतील.

तुमची लेक