आयुक्त महोदय, भाड्याच्या खोल्या बांधा

प्रति,
मा. आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका

विषय: बेघरांसाठी पालिकेच्या मालकीची भाड्याची घरे

महोदय,

सविनय नमस्कार. मे २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ‘माझे घर, माझा अधिकार’ हे ब्रीद असलेलं गृहनिर्माण धोरण मंजूर केलं. २०३० पर्यंत ३५ लाख घरं, ७० हजार कोटींची गुंतवणूक. याआधीचं धोरण २००७ चं, म्हणजे राज्याला तब्बल अठरा वर्षांनी नवं धोरण मिळालं. ‘सर्वांसाठी घरे’ देण्याची २०२२ ची मुदत तर कधीच उलटून गेली होती. तरी या वेळी धोरणात भाड्याच्या घरांचा उल्लेख आहे, हे वाचून बरं वाटलं.

पण रस्त्यावर काय चालू आहे? पावसाळा तोंडावर आला की अतिक्रमण निर्मूलनाची गाडी उड्डाणपुलाखाली येऊन थांबते. ताडपत्री, भांडी, गोधड्या उचलल्या जातात आणि त्या ढिगात कागदपत्रांची पिशवीही जाते. आधार गेलं की रेशन अडतं, बँक अडते, घराचा अर्ज अडतो. एका दुपारच्या कारवाईनं माणूस सरकारी नोंदींतून दोन-तीन वर्षं मागे फेकला जातो. ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका या खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयानं फुटपाथवरच्या माणसाची उपजीविका हा त्याच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि पावसाळा संपून ३१ ऑक्टोबर उजाडेपर्यंत झोपड्या हटवायला मनाई केली. चाळीस वर्षांपूर्वी न्यायालयाला पावसाचं भान होतं. पालिकेला ते आजही का नसावं?

आधी मोजणीबद्दल. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईत सुमारे ५७ हजार बेघर नोंदले गेले, राज्यात २ लाख १० हजारांवर. ही गणना २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली. त्या रात्री जो दादरच्या फुलबाजारात हमाली करत होता, केईएम रुग्णालयाच्या आवारात रुग्णाजवळ बसला होता किंवा गस्तीला घाबरून रेल्वेच्या हद्दीत सरकला होता, तो मोजणीतून सुटला. येत्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ आहे. तोवर पालिकेनं स्वतःची पूर्वमोजणी करावी. सर्व विभागांत एकाच रात्री, दहा ते पहाटे पाच. वेगवेगळ्या रात्री केली तर तीच माणसं दोनदा येतात किंवा अजिबात येत नाहीत. प्रत्येक पथकात त्याच भागात रस्त्यावर राहणारा एक माणूस हवा, कारण कोण कुठे झोपतं हे त्यालाच ठाऊक असतं. आणि नोंद नुसत्या डोक्यांची नको. कुटुंब, एकटा पुरुष, एकटी स्त्री, वृद्ध, मनोरुग्ण, रुग्णाचे नातेवाईक असे गट वेगळे पाडा. परळला टाटा रुग्णालयाबाहेर झोपणाऱ्या कुटुंबाला सहा महिन्यांची धर्मशाळा हवी असते, कायमचं घर नको असतं. तीस वर्षं भायखळ्याच्या फुटपाथवर संसार केलेल्या बाईला धर्मशाळेचा काय उपयोग? गट न पाडता मोजलं की एकाच साच्याचे निवारे निघतात आणि ते रिकामे राहतात. मग अहवालात लिहिलं जातं, ‘बेघर निवाऱ्यात यायला तयार नाहीत.’

हे वाक्य आम्हाला मान्य नाही. निवारे का रिकामे राहतात याची कारणं साधी आहेत. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानानं घालून दिलेला निकष असा: एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांचा कायमस्वरूपी निवारा, माणशी ५० चौरस फूट जागा, तीन पाळ्यांत काळजीवाहक, स्वयंपाकाची सोय, पाणी, शौचालय, सामानाचं कपाट, आणि जागा अशी की जिथे बेघर लोक राहतात व काम करतात तिच्या जवळ. २०११ ची लोकसंख्या १ कोटी २४ लाख धरली तर मुंबईला सव्वाशेच्या आसपास निवारे लागतात. त्या आकड्याच्या जवळपासही शहर पोहोचलेलं नाही. जे आहेत तिथे रात्री ठरावीक वेळी दार बंद होतं आणि सकाळी माणसांना बाहेर काढलं जातं. भाजीबाजारातल्या हमालाचं काम पहाटे तीनला सुरू होतं, लग्नाच्या हॉलमध्ये वाढपी असलेली बाई रात्री एकनंतर सुटते. त्यांच्यासाठी हे दार बंदच असतं. कुलूप लागणारं कपाट नसेल तर कुणीही सामान टाकून आत झोपणार नाही. नवरा-बायकोला वेगळं करणाऱ्या निवाऱ्यात कुटुंब येणार नाही, आणि बारा वर्षांच्या मुलाला आईपासून तोडून पुरुषांच्या खोलीत पाठवलं तर ती आई त्याच रात्री फुटपाथवर परत जाईल. कुटुंबासाठी निदान आडोशाच्या भिंती घातलेली खोली लागते. चोवीस तास उघडं दार, कपाट आणि कुटुंबाची खोली, एवढं केलं तरी निवारे भरतील.

तरीही निवारा हे घर नव्हे. त्यातून पुढे जायला पायरी हवी आणि ती पायरी या शहरात नाही. आमचं खरं भांडण इथेच आहे.

तुमच्या सगळ्या योजना घर विकण्याच्या आहेत. मुंबई महानगर प्रदेशात ‘अत्यल्प उत्पन्न गट’ म्हणजे वर्षाला सहा लाखांपर्यंत कमाई, महिन्याला ५० हजार. नाक्यावर उभा राहणारा बिगारी महिन्यात पंधरा दिवस काम मिळून दिवसाला ६०० रुपये कमावतो असं धरा, हाती येतात ९ हजार. ही दोन माणसं सोडतीच्या एकाच रांगेत उभी केली जातात. २०२३ मध्ये म्हाडानं गोरेगावच्या पहाडी इथली प्रधानमंत्री आवास योजनेतली घरं ३० लाखांच्या वर किंमत ठेवून सोडतीत काढली. अनुदान वजा करून २५ लाखांचं कर्ज धरलं तर ९ टक्के दरानं वीस वर्षांसाठी हप्ता साडेबावीस हजारांच्या घरात जातो. बिगाऱ्यानं दोन महिने न खाता काम केलं तरी एक हप्ता पुरा होत नाही. शिवाय अधिवासाचा दाखला, उत्पन्नाचा पुरावा, पॅन, अनामत रक्कम. झोपडपट्टी पुनर्वसनात यायचं तर ठरलेल्या तारखेआधीची झोपडी दाखवावी लागते. ज्याच्याकडे झोपडीसुद्धा नाही तो अपात्र. सर्वांत गरीब माणूस सगळ्या योजनांतून बाहेर पडतो तो असा, नियमाच्या कलमानं. यात कुणा कारकुनाची चूक नाही.

उपाय मुंबईला नवा नाही. प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्यानं चाळी बांधल्या. १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडीला बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. २०७ इमारती, १६० चौरस फुटांच्या खोल्या, भाड्यानं. त्या खोल्या अपुऱ्या होत्या, संडास सामाईक होते, पण गावाहून आलेल्या कामगाराला पाठ टेकायला जागा मिळाली. या व्यवस्थेचं पुढे काय बिघडलं तेही सांगायला हवं, नाहीतर तीच चूक पुन्हा होईल. १९४७ च्या भाडे कायद्यानं शहरभरची भाडी गोठवली. दुरुस्तीचा खर्च वाढत गेला, भाडं तिथंच राहिलं आणि इमारती खंगल्या. म्हणून नवं भाडं गोठवलेलं नसावं. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात वर्षाला ४ टक्के वाढीची तरतूद आहे, तीच लावा.

२००८ मध्ये मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणानं (एमएमआरडीए) चार चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या चौपट बांधकामाची परवानगी देऊन भाड्याच्या घरांची योजना आणली होती, तीही १६० चौरस फुटांच्या खोल्यांची. कल्पना योग्य होती, पण भाडेकरू कोण, भाडं कोण वसूल करणार, पंप कोण दुरुस्त करणार हे बांधण्याआधी ठरलंच नाही. घरं पडून राहिली. पनवेलजवळच्या कोनमधली घरं दोन-दोन जोडून गिरणी कामगारांच्या सोडतीत गेली. गिरणी कामगारांचा हक्क होताच, त्याबद्दल दुमत नाही. पण एका वंचिताच्या वाट्याचं काढून दुसऱ्याला दिलं आणि बेघरांची योजना कागदावरून पुसली गेली.

आता आम्ही काय मागतो ते नीट ऐका. खोली १६० ते २२५ चौरस फूट, आत मोरी आणि शौचालय, प्रत्येक खोलीला स्वतंत्र वीजमीटर. मीटर सामाईक असला की बिल थकतं आणि सगळ्या इमारतीचा पुरवठा तुटतो. इमारत शक्यतो चार मजल्यांची. उंच इमारतीत उद्वाहन (लिफ्ट), अग्निशमनाचे पंप आणि त्यांची वार्षिक देखभाल येते. पुनर्वसन वसाहतींमध्ये उद्वाहन बंद पडून म्हातारी माणसं सातव्या मजल्यावर अडकतात ती ह्याच खर्चापायी. तळमजला वृद्ध आणि अपंगांना. भाडं कमाईच्या तीस टक्क्यांपर्यंत, म्हणजे ९ हजार कमावणाऱ्याला २,७०० रुपये. आठवड्यानं भरायची सोय ठेवा, कारण रोजंदारीवाल्याच्या हाती महिनाअखेरीला एकरकमी पैसा कधीच नसतो. भाड्यातला ठरावीक हिस्सा दुरुस्तीच्या वेगळ्या खात्यात, ज्याला दुसरं कुठलंही खातं हात लावू शकणार नाही. मालकी कायम पालिकेची. खोली विकता येणार नाही, पोटभाडेकरू ठेवता येणार नाही. दोन महिने भाडं थकलं तर नोटिशीआधी समाजसेवक घरी जाईल. आजारपण आहे की काम सुटलंय ते पाहून हप्ते बांधून देईल. कागद नाहीत म्हणून कुणाला नाकारायचं नाही. निवाऱ्यात सहा महिने राहिल्याची नोंद हाच पहिला दाखला माना आणि बाकीची कागदपत्रं निवाऱ्यातच काढून द्या.

जागा कुठून आणायची, हा प्रश्न प्रत्येक वेळी आमच्या तोंडावर फेकला जातो. विकास आराखडा २०३४ मध्ये बेघर निवाऱ्यांसाठी आरक्षणं आहेत. त्यातली किती ताब्यात आली ते विभागवार जाहीर करा. पालिकेचे बाजार पुनर्विकासाला निघतात, त्यांच्या वरच्या मजल्यांवर खोल्या बांधा. हमालाला कामाच्या डोक्यावरच घर मिळेल. पण चेंबूरजवळच्या माहुलसारखं करू नका. तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी प्रकल्पग्रस्तांना नेऊन टाकलं, लोक आजारी पडले, न्यायालयात गेले. २०१९ मध्ये उच्च न्यायालयानं पर्यायी घर नसेल तर महिना १५ हजार भाडं द्यायला सांगितलं. २०२५ मध्ये तिथली नऊ हजारांवर रिकामी घरं पालिकेनं आपल्याच कर्मचाऱ्यांना विकायला काढली आणि त्यांनीही पाठ फिरवली. घर बांधून माणूस येत नसेल तर दोष जागेचा असतो, हे एवढ्या महागात शिकल्यावर तरी लक्षात राहावं.

पैसा नाही असं सांगू नका. २०२५-२६ चा पालिकेचा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता. २०२१ मध्ये बांधकाम व्यवसायाला उभारी द्यायची म्हणून विकासकांच्या अधिमूल्यात, म्हणजे जादा बांधकामासाठी त्यांनी भरायच्या रकमेत, वर्षभर ५० टक्के सवलत दिली गेली. ज्यांना इमारती बांधायच्या होत्या त्यांच्यासाठी सरकारला एका वर्षात निर्णय घेता आला. ज्यांना एक खोली हवी आहे त्यांच्यासाठी सर्वोच्च न्यायालयाला २०१० पासून आदेशामागून आदेश द्यावे लागतात, समित्या नेमाव्या लागतात. मुंबईबाहेरचं चित्र वेगळं नाही. चार हजार चौरस मीटरच्या वरच्या प्रकल्पात २० टक्के घरं दुर्बल घटकांसाठी ठेवायचा नियम आहे, तर भूखंडाचे चार हजारांखालचे तुकडे पाडून मंजुरी घेतली जाते. २०२२ मध्ये नाशिकच्या घरांचा प्रश्न विधान परिषदेत गाजला तो यावरूनच. नियम नाही असं नाही, तो मोडणाऱ्याला काही होत नाही. फुटपाथवर चूल मांडणाऱ्या बाईला मात्र गाडी येऊन दंड करते. २०११ च्या गणनेत मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरं रिकामी होती आणि ५७ हजार माणसं रस्त्यावर. राज्य चालवणाऱ्यांना या दोन आकड्यांची लाज वाटत नसेल, तर आम्ही आणखी कुठला आकडा आणून दाखवावा?

तेव्हा तुमच्याकडून आम्हाला लेखी उत्तर हवं आहे. पावसाळ्याच्या चार महिन्यांत पर्यायी जागा दिल्याशिवाय कुणालाही हटवणार नाही आणि कारवाईत कागदपत्रं जप्त करणार नाही, असं परिपत्रक सर्व विभाग कार्यालयांना काढा. निवाऱ्यांच्या आरक्षित भूखंडांची यादी संकेतस्थळावर टाका. पुढच्या अर्थसंकल्पात भाड्याच्या खोल्यांसाठी स्वतंत्र लेखाशीर्ष उघडा आणि अधिमूल्यातून येणाऱ्या रकमेचा १० टक्के हिस्सा त्यात वळवा. सुरुवात भायखळा, दादर आणि कुर्ला या तीन ठिकाणी शंभर-शंभर खोल्यांनी करा. भाडेकरू निवडायच्या समितीत रस्त्यावर राहिलेली किमान दोन माणसं घ्या, त्यात एक स्त्री. यातल्या कोणत्याही मुद्द्याला नकार असेल तर तो कोणत्या नियमाखाली आहे, तेवढं उत्तरात नमूद करा.

आपले,
बेघरांच्या निवाऱ्यासाठी काम करणारे मुंबईकर