तो झेंडा माझ्या हातात होता

प्रिय बाळा,

परवा फुटबॉलचा सामना संपल्यावर घरी येताना तू एकच प्रश्न विचारलास. "बाबा, झेंडा वर केलास तेव्हा तुला खात्री होती?" मी "हो" म्हणालो. ते खोटं होतं. दोन दिवस तोंडावर सांगायला जमलं नाही, म्हणून लिहितोय.

मला खात्री नव्हती. तू ऑफसाइड आहेस, म्हणजे पास सुटताना समोरच्या संघाच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या पुढे आहेस, असा झेंडा मी दाखवला आणि तुझा गोल रद्द झाला. पास सुटला त्या क्षणी मी तुझ्याकडे बघत होतो. पळायच्या आधी तुझा डावा खांदा किंचित खाली जातो, तो गेलेला दिसला आणि माझे डोळे तुझ्याबरोबरच निघाले. लाइन्समनने, म्हणजे रेषेवर झेंडा धरणाऱ्याने, असं करायचं नसतं. त्याने बचाव करणाऱ्या संघाच्या, गोलकीपर धरून, शेवटून दुसऱ्या खेळाडूवर नजर ठेवायची, तिच्या अगदी रेषेत टचलाइनवर, म्हणजे मैदानाच्या कडेच्या लांब रेषेवर, उभं राहायचं, ती सरकली की आपण सरकायचं. चेंडूला पाय लागल्याचा आवाज कानाने टिपायचा, कारण पास देणारीकडे आणि रेषेकडे एकाच वेळी बघता येत नाही. मी त्या बचावपटूच्या दोन-तीन पावलं मागे होतो, मध्यरेषेच्या बाजूला. तू माझ्या आणि तिच्या मधे होतीस.

त्या रात्री कागदावर आकृती काढली, ती पत्राच्या मागे आहे. मागे राहिलेल्या माणसाची नजर तिरकी जाते. तिरक्या नजरेला आपल्या जवळची खेळाडू पुढे गेल्यासारखी दिसते आणि पलीकडची मागे असल्यासारखी. तू तिच्या बरोबरीत असतीस तरी मला पुढेच दिसली असतीस. आणि बरोबरीत असणं म्हणजे ऑफसाइड नव्हे, हे 1990 पासून नियमात आहे. जागा चुकली की डोळे असेच फसवतात, प्रशिक्षित लाइन्समनचेही. 2000 साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात यावर अभ्यास आला होता. मी तर प्रशिक्षितही नाही. सामन्याआधी कोचने विचारलं, "झेंडा कोण धरतंय?" आणि मी हात वर केला, एवढीच माझी तयारी.

तुझा गोल बहुधा खरा होता. मला माफ कर.

पण मला जास्त टोचतंय ते त्यानंतरचं. रेफरी म्हणून उभा असलेला तो मुलगा सतरा वर्षांचा असेल. तो तुमच्या मागून धावत येत होता, ऑफसाइडची रेषा त्याला दिसणं शक्यच नव्हतं. त्याने माझ्या हाताकडे बघितलं, विश्वास ठेवला आणि शिट्टी वाजवली. मग आपल्या बाजूचे सगळे पालक त्याच्यावर तुटून पडले. "डोळे आहेत का?" "कोणी पाठवलं याला?" त्याचे कान लाल झाले होते, मान खाली. माझ्या शेजारचे गृहस्थ म्हणाले, "यांना काही कळत नाही हो," आणि मी मान हलवली. झेंडा माझ्या हातात असताना मी मान हलवली.

नियमाप्रमाणे खेळ पुन्हा सुरू होईपर्यंत रेफरीला निर्णय बदलता येतो. चेंडू लांब गेला होता, तो आणून फ्री किक घेईपर्यंत अर्धा मिनिट तरी गेला असेल. मी त्याला हाक मारून "माझी जागा चुकली होती, मला खात्री नाही" एवढं सांगायला हवं होतं. कदाचित त्याने निर्णय बदलला नसता. पण चूक कोणाची, हे सगळ्यांना कळलं असतं आणि ती त्या मुलाच्या माथी बसली नसती. फ्री किक घेतली गेली आणि ती संधी गेली.

त्या अर्ध्या मिनिटात त्याच्याशी नीट बोललीस ती फक्त तू. कप्तान म्हणून एकटी गेलीस, कारण विचारलंस, ऐकून घेतलंस आणि परत जागेवर आलीस. गोल तुझा गेला होता, तरी.

ज्युनिअर सामन्यांतल्या रेफरींचा दर्जा वाईट आहे, हे मी तीन वर्षं बोलतोय, तूही माझ्याकडून ऐकलंयस. ते खोटं नाही. तोच मुलगा पूर्वार्धात मधल्या वर्तुळाच्या आसपासच घुटमळत होता. थ्रो-इनला पाय उचलला म्हणून दोनदा शिट्टी वाजवली, पण तुमच्या मिडफिल्डरला मागून उशिरा आलेला टॅकल नुसता तोंडी समज देऊन सोडला. त्याचा मला आजही राग आहे. तुमच्या वयाच्या सामन्यात रेफरीचं पहिलं काम कोणाचा पाय मोडू न देणं हे आहे, ऑफसाइड त्याच्या नंतर येतो. अशा चुकांकडे काणाडोळा कर असं मी तुला सांगणार नाही.

पण त्याला हे सांगणार कोण? तुला आठवड्यातून तीन दिवस कोच आहे. पाय कुठे ठेवायचा, कधी वळायचं, हे ती शंभरदा सांगते. रेफरीचा अभ्यासक्रम पुरा झाला की त्याच्या हातात शिट्टी देतात आणि पुढच्या रविवारी तो एकटाच मैदानात. तू वर्तुळात अडकतोस, कडेने तिरका पळत राहा, म्हणजे चेंडू आणि लाइन्समन दोन्ही नजरेत राहतील, हे सामन्यानंतर त्याला सांगायला कोणी थांबत नाही. त्याच्या कानावर पडते ती फक्त आमची ओरड, आणि ओरडीतून कोणी काही शिकत नाही. पुष्कळजण हे काम सोडतात. मग उरतात ते चांगले असतीलच असं नाही, कातडी जाड असलेले उरतात. इंग्लंडमध्ये शिवीगाळ आणि मारहाण थांबावी म्हणून 2023 साली हौशी सामन्यांतल्या रेफरींच्या अंगावर कॅमेरे लावून बघायला सुरुवात झाली. इथवर वेळ आली आहे. मोठ्या सामन्यांत रेफरीच्या मदतीला दोन शिकलेले लाइन्समन, चौथा अधिकारी आणि व्हिडिओ असतो. त्या मुलाच्या मदतीला मी होतो.

फार पूर्वी दोन्ही संघ आपापला अंपायर आणत आणि त्यांचं पटलं नाही तरच बाहेर उभ्या असलेल्या रेफरीला विचारत. 1891 साली हे बदललं. रेफरी मैदानात आला, निर्णय त्याचा झाला आणि अंपायर रेषेवर गेले. इतकी वर्षं लोटली, तरी मुलांच्या सामन्यात आपण झेंडा पुन्हा संघाच्याच माणसाच्या हातात देतो आणि तो आपल्याच लेकीचं पळणं बघत बसतो.

काल मी संयोजकांना पत्र लिहिलं. आधी माझी चूक लिहिली, वेळ आणि जागा सांगून. मग तो टॅकलही लिहिला. मागण्या मोजक्याच केल्या. नवीन रेफरीच्या सामन्याला एक जुना रेफरी मैदानाबाहेर बसावा आणि नंतर दहा मिनिटं त्याच्याशी बोलावा. पालकाच्या हाती झेंडा द्यायचाच असेल तर तो फक्त चेंडू रेषेबाहेर गेल्याचं दाखवायला, ऑफसाइडला नाही. आणि रेफरीशी कप्तानानेच बोलावं, बाकी कोणी नाही, पालक तर मुळीच नाहीत. पत्र पाठवण्याआधी त्या मुलाला फोन केला. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "काका, मला वाटलं तुम्ही रेषेत होता." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो रविवारी येणार आहे, एवढं कळलं.

पुढच्या महिन्यात रेफरीचा अभ्यासक्रम आहे, त्यात मी नाव दिलंय. तोपर्यंत तुझ्या सामन्यात झेंडा धरणार नाही.

शनिवारी सरावानंतर अर्धा तास देशील का? तुझ्या दोघी मैत्रिणींना थांबवून घे. एक पास देईल, एक बचावाला राहील, तू पळ. मी रेषेवर उभा राहतो. कधी पळणार ते मला आधी सांगू नकोस.

तुझा,
बाबा