लेकराला लागणार नाही, बाबा

ती. आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "रक्तातच दोष निघाला, मग तुझ्या लेकराला बी लागणार का?" दिवसभर लॅबमध्ये असलेच रिपोर्ट लिहिते मी, पण घरच्या माणसाला धड सांगता आलं नाही.

नाही लागणार. बाबांना झालाय तो मास्टोसायटोसिस, म्हणजे अॅलर्जीत भाग घेणाऱ्या मास्ट पेशी अंगात नको तितक्या वाढणं. त्यामागचा जनुकातला बदल आजोबांकडून आलेला नाही, पुढं जाणारा नाही. हाडाच्या मगजातल्या एका पेशीत तो मागाहून झाला आणि तिच्यापासून झालेल्या पेशींत उतरला.

आपल्या बोअरचंच बघा. मास्ट पेशीच्या अंगावर 'किट' नावाचा रिसेप्टर असतो, स्टार्टरसारखा. बाहेरून निरोप आला की चालू, नाहीतर बंद. रिपोर्टात 'डी८१६व्ही' लिहिलंय, ते या बदलाचं नाव, म्हणजे हिरवं बटण दाबलेलंच अडकलं. मोठ्या माणसांत या आजाराच्या शंभरातल्या नव्वदांहून जास्त जणांत हाच बदल सापडतो. पेशींवर सीडी२५ नावाचं प्रथिन पण दिसलं, जे निरोगी मास्ट पेशीवर नसतं. या पेशींतून रक्तात उतरणारं ट्रिप्टेज २० च्या वर गेलं की शंका येते, बाबांचं ४६ आहे.

(१८७८ साली एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञानं या पेशींना नाव दिलं. त्याला त्या खाऊन फुगलेल्या वाटल्या. आपल्या 'मस्त'शी संबंध नाही, बाबा.)

गांधीलमाशी चावून तुम्ही बांधावर कोसळलात, तेव्हा गाव म्हणालं माशीच जहरी. माशी नेहमीचीच होती, या पेशींनी हिस्टामिन, म्हणजे अॅलर्जी उठवणारं रसायन, एकदम सांडलं. आणि आई, मांडीवरच्या तपकिरी डागांना तू उष्णता म्हणून सब्जा पाजलास खरा, पण टॉवेलनं घासले की ते फुगतात हे पहिल्यांदा तूच पाहिलंस. डॉक्टरांनी तेच बोटानं घासून बघितलं.

शेजारच्या काकांना ब्लड कॅन्सरवर चालते ती इमॅटिनिब बाबांना मागू नका. या बदलात रिसेप्टरचा आकारच असा होतो की ती गोळी तिथं नीट बसत नाही. बाबांचा प्रकार संथ आहे, सध्या अॅलर्जीच्या गोळ्याच पुरेत.

कंबर दुखली म्हणून दुकानातून गोळी आणून घेऊ नका, तिनंही बांधावरच्यासारखा झटका येऊ शकतो. आधी मला फोन. तसा झटका आलाच तर लागणारं अॅड्रेनालिनचं इंजेक्शन आईनं देवघरात ठेवलंय म्हणे. ते बाबांसोबत शेतात जाऊ दे.

सोयाबीन काढायला येतेच. तोवर विहिरीवरचं गांधीलमाश्यांचं पोळं कुणीतरी दुसऱ्यानं काढावं.

तुमची,
ताई