नॅनोशीट आपोआप बनते हे अर्धंच खरं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला नॅनोवरचा लेख वाचला. विषय घेतलात हे बरंच केलंत, पण एक गोष्ट खटकली म्हणून लिहितोय. रेणू आपोआप जुळतात आणि नॅनोशीट (म्हणजे रेणूंचा अतिशय पातळ पापुद्रा) तयार होते एवढं एका वाक्यात उरकून लेख जो सुटला तो थेट सेन्सर, औषधं, कॅन्सर इथे जाऊन थांबला. अहो, खरी गंमत तर मधल्यामधे राहूनच गेली. आपोआप जुळणारे रेणू आपल्याला पाहिजे तसे, पाहिजे तेव्हा कसे जुळवून घ्यायचे, डोकं तर तिथेच लागतं.

अमेरिकेत बर्कलीच्या लॉरेन्स लॅबमधल्या रॉन झुकरमन यांच्या ग्रुपचं काम बघा. त्यांनी २०१० मध्ये पेप्टॉइडच्या नॅनोशीट केल्या. पेप्टॉइड म्हणजे प्रोटीनसारखीच साखळी पण माणसाने बनवलेली, बाजूचे गट कार्बनऐवजी नायट्रोजनला लावलेले, त्यामुळे प्रोटीन तोडणारी एन्झाइम्स तिच्यापुढे सहसा हात टेकतात. साखळीत एकाआड एक असे घटक बसवलेत, एकाला पाणी नको, दुसऱ्यावर चार्ज असल्यामुळे त्याला पाणीच पाहिजे. शीटची जाडी जेमतेम ३ नॅनोमीटर (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग), पण पसारा एवढा की साध्या मायक्रोस्कोपखाली दिसते.

आता या साखळ्या पाण्यात विरघळवून बाटली नुसती ठेवून दिली तर फारसं काही हाताला लागत नाही. साखळ्या पाण्याच्या वरच्या पृष्ठभागावर येऊन एकेरी थर करून बसतात, बस्स. मग बाटली आडवी-उभी करायची. आडवी असताना पृष्ठभाग मोठा असतो, उभी केली की तो लहान होतो, वरचा थर चेपला जातो आणि दोन्हीकडून ढकललेल्या सतरंजीसारखी त्याला वळी पडते, पाणी नको असलेल्या बाजू आतल्या आत एकमेकांना चिकटतात आणि दुहेरी शीट सुटून पाण्यात उतरते. पुन्हा बाटली आडवी करून थांबायचं, कारण नवीन थर बसायला वेळ लागतो, घाई केली तर चेपायला वर काही नसतंच. २०११ मध्ये त्यांनी हे सगळं उलगडून दाखवलं आणि बाटल्या झुलवायला चक्क एक मशीनच केलं. म्हणजे रेणू कसा घडवायचा हे महत्त्वाचं आहेच, पण कधी चेपायचं आणि किती थांबायचं हे पण तेवढंच.

आणि पृष्ठभाग चेपायची ही युक्ती कुठून आली माहितीये? जर्मनीत ब्राउनश्वाइगला आग्नेस पोकेल्स नावाची बाई घर सांभाळून, आजारी आईवडिलांचं करून, स्वयंपाकघरातच प्रयोग करायची. तेव्हा तिकडे युनिव्हर्सिटीत मुलींना प्रवेशच नव्हता. पत्र्याचं पसरट भांडं पाण्याने काठोकाठ भरायचं, वर आडवी पट्टी ठेवून ती सरकवत पृष्ठभाग कमी-जास्त करायचा, आणि पाण्याला टेकवलेली छोटी चकती तराजूने वर उचलून किती जोर लागतो ते मोजायचं. १८९१ मध्ये तिने हे सगळं इंग्लंडचे शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना पत्राने कळवलं, त्यांनी ते 'नेचर' या विज्ञान साप्ताहिकाच्या संपादकांकडे पाठवलं आणि मार्चमध्ये ते छापूनही आलं. पुढे अमेरिकन केमिस्ट लँगम्यूर यांनी तीच पद्धत सुधारून वापरली आणि पृष्ठभागाच्या केमिस्ट्रीसाठी १९३२ चं नोबेल मिळवलं. पोकेल्सबाईंना त्याच वर्षी एक मानद डॉक्टरेट मिळाली, तीही वयाच्या सत्तरीत! तुमच्या लेखात यातलं एक नाव नाही.

बरं, लांब कशाला जायचं, पुण्याच्या एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) मुरली सास्त्री यांच्या ग्रुपने २००४ मध्ये गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे चपटे त्रिकोणी नॅनोकण केले होते, भट्टी नाही काही नाही, साध्या रूम टेम्परेचरला. आधी सोन्याचे बारीक गोल कण होतात, ते एकत्र येऊन जुळतात आणि त्यातून त्रिकोण वाढतो असं त्यांनी मांडलं. अर्काचं प्रमाण बदललं की त्रिकोणांची साइज बदलते आणि ते इन्फ्रारेड किती शोषतात तेही बदलतं, हे पण त्यांनीच पुढे दाखवलं. इथेही कंट्रोल आलाच की.

तर पुढच्या नॅनोच्या लेखात उपयोगांची यादी थोडी कमी चालेल, पण शीट किंवा कण नक्की होतो कसा हे चित्र काढून छापा. कॉलेजची पोरं वाचतात तुमची पुरवणी.

आपला,
एक जुना केमिस्ट्रीवाला, मिरज