पूल होईल तेव्हा होईल, ओढ्याच्या फरशीला आधी पाणी मोजायचा खांब द्या

मा. पालकमंत्री,
सोलापूर जिल्हा

स.न.वि.वि.

मी मोहोळ तालुक्यात गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनाचं काम करतो. मोटारसायकलला द्रव नत्राचा डबा बांधून वस्त्यावस्त्यांवर जातो. गाय माजावर आली की हातात काही तासच असतात. ते हुकले तर शेतकऱ्याचे २१ दिवस वाया जातात. त्यामुळे ओढ्याला पाणी आलंय म्हणून फोन बंद करून घरी बसता येत नाही. दुधाच्या किटल्या घेऊन डेअरी गाठणारे, आशाताई, वायरमन, बापाच्या मागे बसून शाळेला निघालेली पोरं, सगळ्यांची वाट ओढ्यांवरच्या फरश्यांवरून, म्हणजे ओढ्यातून आडव्या बांधलेल्या ठेंगण्या सिमेंटच्या रस्त्यांवरून जाते.

सोलापूर म्हणजे दुष्काळ, इथं ओढ्यांचं काय मोठं, असं बाहेरच्याला वाटतं. पण आमचा पाऊस थोडा असला तरी तो उत्तरा-हस्तात आणि एकदम कोसळतो. ज्वारीची पेरणीही त्याच दिवसांतली, म्हणजे माणसं सगळ्यात जास्त रानात जायची तीच वेळ. शिवाय इथं ऊन पडलेलं असतानाही पाणी येतं. सीना अहिल्यानगरकडून येते, माण नदी साताऱ्याकडून, बोरी धाराशिवकडून. वर पाऊस झाला की खाली नदी फुगते, आणि तिला मिळणाऱ्या ओढ्यांचं पाणी मागे तुंबतं. उजनीतून भीमेत पाणी सोडताना नदीकाठच्या गावांना इशारा मिळतो. ओढ्याच्या फरशीवर इशारा द्यायला कोण असतं?

सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या पुरानं लांबोटीजवळ पुणे महामार्ग बंद पडला, ते साऱ्या राज्यानं पाहिलं. आतल्या वाटेवरची फरशी बुडाली तर त्याची बातमी होत नाही.

साहेब, फरशीवर नेमकं काय होतं ते सांगतो, कारण गाडीच्या काचेतून ते दिसत नाही. पाणी गढूळ असतं, त्यामुळे फरशीची कड कुठं संपते ते कळत नाही. मधला सिमेंटचा तुकडा वाहून गेलाय की शाबूत आहे, तेही कळत नाही. खाली शेवाळ. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, आणि मोटारसायकलला तो आडवा बसतो. जोराच्या धारेत अर्धा फूट पाणीसुद्धा उभ्या माणसाचे पाय काढतं. गाडी मध्येच बंद पडली की माणूस ती सोडत नाही, कारण तिचे हप्ते चालू असतात. मी पोरांना सांगत असतो, ढकलायचीच वेळ आली तर वरच्या अंगाला उभे राहा, म्हणजे गाडी कलली तरी अंगावर येणार नाही. आणि हातातून निसटली तर जाऊ द्या. पण खरं सांगायचं तर पाणी किती आहे हे आधी समजलं असतं, तर कुठलाच पोरगा पाण्यात उतरला नसता.

म्हणून मागणी पुलाची नाही. पूल हवाच आहे, पण अंदाजपत्रक, मंजुरी, टेंडर यांत पावसाळ्यांमागून पावसाळे जातात. फरशीच्या दोन्ही टोकांना फूट-इंच रंगवलेला खांब आणि अर्ध्या फुटावर लाल पट्टा, एवढ्याला किती पैसे लागतात? दोन्ही कडांना पाण्यावर दिसतील असे पांढरे दगड रोवले, तर अंधारातही वाट कळेल. रस्ता अडवायला साखळी हवी, आणि ती कुणी लावायची हे नावानिशी ठरलेलं हवं. पोलीस पाटील असोत नाहीतर कोतवाल, त्या कामाचा मोबदला त्यांना मिळालाच पाहिजे.

फरशीखालच्या नळ्यांचं तर फारच वाईट आहे. वेड्या बाभळीच्या फांद्या, उसाचं पाचट, गाळ यांनी त्या तुंबतात, आणि जे पाणी खालून गेलं असतं ते वरून वाहायला लागतं. मृगाच्या आधी एकदा सफाई झाली तरी ती आमच्याकडे पुरत नाही. खरा पाऊस सप्टेंबरात, तेव्हा दुसरी सफाई ऑगस्ट संपायच्या आत हवी. हे वेळापत्रक मुंबईच्या पावसावरून ठरवू नका.

आपण जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष आहात आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे आहेत. तेव्हा जिल्ह्यातल्या सगळ्या फरश्यांची यादी गावनिहाय करायला सांगा. फरशी बुडाली की दुसऱ्या वाटेनं किती किलोमीटर वळसा पडतो, पलीकडे किती घरं आहेत, शाळा-दवाखाना कोणत्या काठाला आहे, एवढं तरी त्यात असू द्या. पुलांचा क्रम त्यावरून लावा; रस्ता कागदावर कोणत्या दर्जाचा आहे, यावरून नको. आणि ती यादी मे महिन्यात प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. आमच्या फरशीचं नाव राहून गेलं असेल, तर ते आम्ही ग्रामसभेत उठून सांगू.

आपला,
मोहोळ तालुक्यातला एक कृत्रिम रेतन कर्मचारी