कॅनमध्ये काय आहे, साहेब? कामगार मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य
(खातेवाटप पुन्हा झाले असल्यास, सध्या जे असतील ते)

विषय : बॉलिंगचे बॉल पुसण्याच्या केमिकलबाबत

महोदय,

स.न.वि.वि.

गेल्या गुरुवारी सकाळी चहाचं पातेलं उतरवताना माझी डाव्या हाताची दोन बोटं पातेल्याला टेकून राहिली. मला काहीच कळलं नाही. बायको मोरीतून ओरडली, "अहो, कसला वास येतोय?" तो माझ्याच कातडीचा वास होता. भाजलं ते एक वेळ बरं होईल, पण दुखलं नाही हे जास्त वाईट, असं डॉक्टर म्हणाले. म्हणून हे पत्र. मी सांगतोय आणि मुलगी टाइप करतेय, कारण मोबाइलवर बोट टेकलं की नाही हेच मला हल्ली समजत नाही.

पुण्यातल्या एका मॉलमध्ये बॉलिंगच्या ठिकाणी मी आठ वर्षं कामाला आहे. उद्घाटनाला एक पुढारी आले होते. (आपण नव्हे. आपल्या पक्षाचे होते की नाही, ते हल्ली कुणाबद्दलच सांगता येत नाही.) त्यांच्यासाठी आठ पौंडी बॉल मीच पुसून ठेवला होता. त्यांनी टाकला, टाळ्या वाजल्या, बॉल बाजूच्या नालीत (तिला गटर म्हणतात) गेला, परत टाळ्या वाजल्या.

आपल्याला वाटेल, बॉल पुसण्यात काय एवढं? बॉल जिच्यावरून घरंगळतो त्या लाकडी पट्टीवर, म्हणजे लेनवर, मुद्दाम तेलाचा थर दिलेला असतो, तो बॉलला लागतो. त्यावर मशीनचे काळे डाग, पोरांच्या हातचं चीज, केचप. बॉल वरून पुसणं सोपं असतं, खरं काम बोटं घालायच्या भोकांचं. चिंधी थिनरमध्ये भिजवायची, बोटाला गुंडाळायची, भोकात घालून फिरवायची. एका बॉलला तीन भोकं, रोज ९० बॉल. आधीची दोन वर्षं सोडली तर थिनरचीच सहा वर्षं, वर्षाचे ३०० दिवस धरा. मुलीने कॅल्क्युलेटरवर केलं, ४ लाख ८६ हजार होतात. सुट्ट्यांचा हिशेब थोडा इकडेतिकडे झाला असेल, आपल्या आकडेवारीत होतो तितका.

ग्लोव्ह्ज मागितले होते. दवाखान्यात असतात तसले पातळ रबरी मिळाले. दहा मिनिटांत ते थिनरने फुगून बोटांवर लोंबायला लागले. सुपरवायझर म्हणाला, "बघ, दिले तरी तुम्ही वापरत नाही."

आणि हे काम कधी? मॉल अकराला बंद होतो, साडेअकराला एसी बंद, मग आमची पुसापुशी. खिडकी एकही नाही. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली, पिनसेटरच्या (पडलेल्या पिना परत उभ्या करणाऱ्या मशीनच्या) खड्ड्यात जाऊन बसते, आणि तिथेच आम्ही मशीनच्या मोटारी चालवून बघतो. राजकोटच्या गेम झोनमध्ये मे २०२४ मध्ये आगीत सत्तावीस-अठ्ठावीस माणसं गेली, त्यात लहान पोरं होती. आत दोन हजार लिटर डिझेल होतं असं तेव्हा पेपरात वाचलं होतं, खरंखोटं आपल्या लोकांना माहीत. नंतर आमच्याकडेही आगीची तपासणी झाली. लाल सिलिंडर मोजले आणि गेले. सिलिंडरच्या शेजारी कॅन होता, तो त्यांनी बाजूला सरकवून मोजणी केली.

आधीची दोन वर्षं लेबल असलेला स्प्रे यायचा. संत्र्यासारखा वास, मागे चित्रं, इशारे, सगळं. मग खर्च कमी करायचं ठरलं आणि रंगाच्या दुकानातून वीस लिटरचा निळा कॅन यायला लागला. त्यावर कागद नाही, नाव नाही, खडूने 'बॉल' लिहिलेलं. कधी त्याला नेलपॉलिशचा वास, कधी पेट्रोलचा, कधी सोल्यूशनचा.

आधी बोटांना मुंग्या आल्या, मग पायांना. मागच्या दिवाळीत स्वारगेटच्या जिन्यावर चप्पल पायातून निघून गेली आणि मी तसाच बसमध्ये चढलो. कंडक्टरने विचारलं, "काका, एक चप्पल कुठंय?" लोक हसले. मीही हसलो. शर्टाची बटणं मुलगी लावते. ती दहावीला आहे. बापाची बटणं लावायचं तिचं वय नाही.

शुगर नाही, बी-ट्वेल्व्ह ठीक आहे. नसांचा करंट बघण्याची टेस्ट केली, तीत नसा मंदावलेल्या निघाल्या. डॉक्टरांनी विचारलं, "कशाने पुसता?" म्हटलं, थिनरने. "थिनर हे काही नाव नाही. टोल्युइन, मिथेनॉल, हेक्झेन, नक्की काय?" मिथेनॉल असेल तर डोळे सांभाळा, बेन्झीन मिसळलेलं असेल तर रक्त तपासत राहा, हेक्झेन असेल तर नसांचं कारण सापडलं. मी गप्प. कॅनवर 'बॉल' लिहिलंय, एवढंच सांगता आलं.

मुलीने शोधून काढलं की चीनमधल्या सुझोऊत २००९ च्या सुमारास फोनच्या काचा पुसणाऱ्या शंभरावर कामगारांच्या नसा अशाच गेल्या. तिथे आधी अल्कोहोल वापरायचे, मग लवकर वाळतं म्हणून हेक्झेन आणलं. आमच्या सुपरवायझरचं पहिल्या दिवसाचं वाक्य होतं, "हे बघ, लगेच वाळतं."

आणखी एक गंमत ऐका. मशीन बसवायला आलेल्या इंजिनिअरने सांगितली होती. अमेरिकेत १९७३ साली डॉन मॅक्यून नावाचा खेळाडू बॉल केमिकलमध्ये भिजवून मऊ करायचा. मऊ बॉल लेन पकडतो. तो जिंकत सुटला, बाकीचेही बादल्या घेऊन बसले. मग तिकडच्या संघटनांनी बॉल किती कडक असला पाहिजे याचा नियम केला, मोजायला यंत्र आणलं. आजही तिकडे क्लीनर मंजूर करताना त्याने बॉल मऊ होतो का ते तपासतात. म्हणजे बॉलच्या कातडीला यंत्र आहे, नियम आहे, यादी आहे. ती कातडी पुसणाऱ्या बोटांना काय आहे, साहेब?

कायदा आहे, असं मला सांगण्यात आलं. भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखान्यांच्या कायद्यात कलम ४१-ब घातलं. धोकादायक रसायन असेल तर कामगाराला त्याची माहिती द्यायची. तीन वर्षं लागली, पण घातलं. मी ते कलम घेऊन एका ऑफिसात गेलो. ते म्हणाले, "मॉल म्हणजे कारखाना नव्हे, दुकानं बघणाऱ्या ऑफिसात जा." तिथले म्हणाले, "केमिकल आमच्याकडे येत नाही." भोकं पुसायची ती पुसायची, पण कारखान्यात बसून पुसायला हवी होती. आमचं चुकलंच.

आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता आल्यात. दहा कामगार असले की सुरक्षेचे नियम लागू, असं ऐकतो. ठेकेदाराच्या कागदावर आम्ही नऊ आहोत. रात्री मोजायला आलात तर चौदा सापडू. पण मोजायला येणार कोण? निरीक्षकाला आता सुविधाकारही म्हणायचं आहे. सुविधा कुणाची, ते विचारायची सोय आहे का?

तरी मी तक्रार केली, ऑनलाइन. एका अधिकाऱ्यांचा स्वतःहून फोन आला, मला भरून आलं. म्हणाले, "पंधरा दिवसांत माणूस पाठवतो, कॅन फेकू नका." मी सात महिने कॅन फेकला नाही. गुरुवारी, हात भाजला त्याच दिवशी, दुपारी मेसेज आला की तक्रार निकाली काढण्यात आली आहे, कृपया आपला अभिप्राय नोंदवा. पाचपैकी किती तारे. बँडेज बांधलेल्या बोटाने मी एक तारा द्यायला गेलो, चार दाबले गेले. तेवढे चार तारे कुठल्या अहवालात दिसले तर ते माझे आहेत, काढून टाका.

मला नुकसानभरपाई मागायची होती, ती नंतर मागेन. आज एवढंच करा, जो कुणी थिनर विकतो त्याला कॅनवर आत काय आहे ते मराठीत लिहायला लावा, आणि आमचं काम संपेपर्यंत मॉलचा एसी चालू ठेवायला लावा. विजेचं बिल जास्त होत असेल तर पगारातून कापा. नाहीतरी कापताच.

कॅनच्या तळाचं थोडं मी बाटलीत काढून ठेवलंय. प्रयोगशाळेचा दर माझ्या अर्ध्या पगाराएवढा निघाला, म्हणून म्हटलं आपल्यालाच पाठवावं. शनिवारी पार्सल घेऊन पोस्टात गेलो. काउंटरवरच्या बाईंनी हातात घेतलं, हलवलं आणि विचारलं, "आत काय आहे?" सहा वर्षांत मॉलमधल्या कुणीही हे विचारलं नव्हतं. म्हटलं, "बाई, तेच तर मंत्र्यांना विचारतोय." त्या म्हणाल्या, पेट घेणारं असेल तर आम्ही घेत नाही, आणि बाटली परत दिली.

ती बाल्कनीत ठेवलीय, तुळशीपासून लांब. कुणाला पाठवताय ते कळवा.

आपला,
बॉल पुसणारा एक कामगार, पुणे